फ्युमरिक आम्लाची कहाणी

औषधांच्या इतिहासात कधी कधी असे घडते, की तर्क चुकतो. परंतु त्या तर्काच्या पोटी जन्मलेले औषध मात्र टिकून राहते.

युरोपातील शेतांच्या कडेला फ्युमारिया नावाची एक नाजूक, धुरकट पानांची वनस्पती उगवते. भूमीतून धूर निघावा तशी ती भासते, म्हणून लॅटिन भाषेत तिला ‘भूमीचा धूर’ असे नाव पडले. त्वचारोगांवर ती देण्याची तिकडची रीत फार जुनी. तिच्यावरूनच फ्युमरिक आम्लाला नाव मिळाले. हे आम्ल आपल्या देहालाही परके नाही. अन्नापासून ऊर्जा निर्माण करताना आपल्या पेशींत ते सतत तयार होत असते. ऊर्जेचे हे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली उलगडून दाखविले.

वाल्टर श्वेकेनडीक हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्वतः सोरायसिसने पीडित होते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तरीही अंगावरचे लाल, खवल्यांचे चट्टे पाहून माणसे दूर सरतात. या चक्रातील बिघाडामुळे आपला रोग उद्भवला असावा, असा त्यांनी तर्क केला. नुसते आम्ल आतड्यांतून नीट शोषले जात नाही. म्हणून त्यांनी त्याची एस्टर नावाची रूपे स्वतःवरच वापरून पाहिली आणि १९५९ साली तो अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचा तर्क पुढे सिद्ध झाला नाही. चट्टे मात्र ओसरले! तरीही जर्मनीत या औषधाला अधिकृत मान्यता मिळण्यास १९९४ साल उजाडले.

सोरायसिसप्रमाणेच मल्टिपल स्क्लेरॉसिस या व्याधीतही शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच घरावर उलटते. मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंची आवरणे ती कुरतडते. दृष्टी मंदावते, पाय लटपटतात, हातातील पेला निसटतो. आणि हे बहुधा ऐन तारुण्यात. २००६ साली जर्मनीतील अवघ्या दहा रुग्णांवरील अभ्यासाने आशा दाखविली. त्यानंतर अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. रोग उलटण्याचे प्रमाण एकीत सुमारे ५३ टक्क्यांनी, तर दुसरीत ४४ टक्क्यांनी घटले होते. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेने डायमिथिल फ्युमरेटला मान्यता दिली.

इथे मन थबकते. हाच पदार्थ काही वर्षांपूर्वी सोफ्यांना बुरशी लागू नये म्हणून पुड्यांत भरून आत ठेवला जात असे. त्यामुळे अनेकांची त्वचा भाजल्यासारखी झाली आणि २००९ साली युरोपीय संघाने अशा वस्तूंवर बंदी घातली. सोफ्यातील ती पुडी गोळी बनून आली तेव्हा अमेरिकेत तिची वर्षाची किंमत ठरली सुमारे ५५ हजार डॉलर! संशोधनाला खर्च येतो हे मान्य. पण रुग्णाच्या घराने तो किती सोसावा? स्वस्त पर्यायी गोळ्या तेथे २०२० साली आल्या.

हे औषध व्याधी समूळ बरी करीत नाही. ते तिचे हल्ले कमी करते. चेहरा लाल होणे, पोट बिघडणे हे त्रास नेहमीचे. रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटल्यास मेंदूचा गंभीर संसर्ग होऊ शकतो; २०१४ साली अशा एका रुग्णाचा मृत्यू ओढवला. म्हणूनच नियमित रक्ततपासणी आवश्यक असते.

एका पीडिताने आपल्या वेदनेतून दार उघडले. त्या दाराशी जागता पहारा बसविला तो मात्र हजारो रुग्णांच्या काटेकोर नोंदींनी. घरात आजार असताना या दोहोंपैकी एकाचेच ऐकणे धोक्याचे ठरते.