चित्रातली घागर आणि शेतातला सरवा

सरवा म्हणजे काय, हे लोहाऱ्याच्या श्रोत्यांना सांगावे लागत नाही. ज्वारी काढून, कणसे मोडून, कडब्याच्या पेंढ्या बांधून झाल्या की जी कणसे ढेकळांत राहतात, ती वेचून नेणे म्हणजे सरवा. घरात दाणा कमी असलेल्या बायकांचा हा हक्क पुष्कळ गावांनी मानलेला होता. आम्ही हा शब्द आरंभीच काढला, कारण राबणाऱ्या स्त्रीचे आमच्या मते सर्वांत प्रामाणिक चित्र सरव्याचेच आहे. ते मात्र एका फ्रेंच चित्रकाराने काढले.

तिकडे जाण्यापूर्वी आपल्या भिंतींकडे पाहू. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीस गेला. तेथल्या रंगीत तसबिरींनी सामान्य घरांत चित्र आणले, हे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या मागोमाग आलेल्या कॅलेंडरांवरची पाणवठ्यावरील बाई पाहा. कमरेवर घागर आहे, पण घागरीला वजन नाही. भरल्या घागरीने अंग एका बाजूला कलते, पाऊल जपून पडते. चित्रातली बाई हसते आहे. मैलभर पाणी वाहिलेली कोणतीही आजी ही घागर रिकामी असल्याचे तत्काळ सांगेल.

रावबहादूर धुरंधरांची (१८६७–१९४४) नजर याहून बारीक. ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० सालच्या ग्रंथासाठी त्यांनी ४८ रंगीत चित्रे काढली. त्यांत कष्टकरी बायकाही आहेत. तथापि पेहराव आणि जातजमात दाखविणे हा तेथे मुख्य हेतू. म्हणून बाई हातचे काम टाकून आपल्यासमोर उभी राहते. काम करणारी आहे, काम नाही.

आता तो फ्रेंच चित्रकार, मिले. त्याच्या १८५७ च्या चित्रात तीन बायका सरवा वेचीत आहेत. दोघी कमरेत पुरत्या वाकलेल्या, तिसरी अर्धवट. एकीने वेचलेली मूठ पाठीमागे धरली आहे. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतात पाठी आणि हात. दूरवर मालकाच्या गंजी, भरलेली गाडी, आणि घोड्यावर बसलेला मुकादम. १८४८ ची क्रांती ताजी होती. पॅरिसच्या काही टीकाकारांना या तीन वाकलेल्या बायकांची चक्क भीती वाटली! मिलेनेही कोवळ्या सोनेरी उन्हाची थोडी साय वर धरलीच आहे. परंतु कमरेचा बाक त्याने लपविला नाही. खुरपणीला बसणाऱ्या बाईला तो बाक ओळखू येईल.

आपल्याकडे बी. प्रभा (१९३३–२००१) यांनी आयुष्यभर अशाच स्त्रिया रंगविल्या. नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या या बाईंनी मुंबईच्या कोळणी काढल्या. कृश, उंच, लांब मानेच्या. त्यांचा थकवा खरा आहे, हे आम्ही मानतो. मात्र ती मान इतकी डौलदार आहे की डोक्यावरच्या टोपलीचा भार विसरायला होतो. आमच्यापैकी काहींना हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. थकलेली बाई सुंदर दिसूच नये की काय, असे ते विचारतात. आणि त्यांना उत्तर देणे सोपे नाही.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायका खडी फोडायला बसल्या. खडीचा ढीग मोजायचा आणि त्या मापावर मजुरी. हातोडीने फुटलेली बोटे चिंधीने बांधून त्या पुन्हा ढिगापाशी बसत. त्याही वर्षी पुष्कळ घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरावर घागर होतीच.