बंदुकीपासून भिंगापर्यंत

शनिवार-रविवारास जोडून एखादी सुटी आली की ताडोबा, पेंच, नागझिरा या रानांकडे धाव घेणारी शहरी कुटुंबे आता सर्वत्र आढळतात. गळ्यात कॅमेरा अडकवून केलेल्या या दोन दिवसांच्या वनयात्रेस ‘सफारी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द स्वाहिली भाषेतला. स्वाहिलीने तो अरबीतून घेतला. आणि त्याच अरबी मुळापासून आपला ‘सफर’ही निघालेला आहे. घरचीच वस्तू आफ्रिकेची प्रदक्षिणा करून परत आली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र या प्रदक्षिणेत तिच्या अंगास बंदुकीच्या दारूचा वास लागला. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत सफारीस गेले. त्यांनी व त्यांच्या चिरंजीवांनी मिळून मारलेल्या मोठ्या जनावरांची त्यांनीच प्रसिद्ध केलेली यादी ५१२ पर्यंत पोहोचते. बंदुकीच्या हातून हा शब्द कॅमेऱ्याच्या हाती कसा आला, आणि येताना शिकाऱ्याची वृत्ती मागे राहिली की तीही बरोबर आली, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आरंभी या दोन यंत्रांचे नाते फार जवळचे होते. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे याने १८८२ साली उडत्या पक्ष्यांच्या पंखांची हालचाल टिपण्यासाठी जे साधन तयार केले, त्यास बंदुकीप्रमाणेच दस्ता होता, नळी होती आणि चापही होता. नेम धरून चाप ओढला की एका सेकंदात बारा चित्रे उमटत. भेद एवढाच की, नेम लागल्यावरही पक्षी आपल्या वाटेने उडून जाई आणि मारेच्या हाती त्याच्या उड्डाणाचे ज्ञान राही.

हा भेद स्वतःच्या आयुष्यात अनुभवलेला गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील जॉर्ज शिरास. मिशिगनमधील व्हाइटफिश सरोवरावर रात्री होडीच्या नाळेवर दिवा ठेवून, उजेडाने स्तब्ध झालेली हरणे मारण्याची रीत होती. शिरासने पुढे होडी तीच ठेवली, दिवाही ठेवला. बंदूक तेवढी खाली ठेवून तिच्या जागी कॅमेरा आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगाट आणला. जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने त्याची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली, तेव्हा रात्रीचे अरण्य प्रथमच हजारो लोकांच्या घरात आले. याच शिरासने लोकप्रतिनिधी असताना १९०४ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणार्थ विधेयक मांडले. त्याच दिशेचा कायदा अमेरिकेत १९१३ साली झाला. ज्या डोळ्यांना पूर्वी केवळ लक्ष्य दिसत होते, त्यांनाच पुढे प्राण्याचे जीवित दिसू लागले.

परंतु कॅमेरा हाती घेतला म्हणजे मन आपोआप निवळते, असे मात्र नाही. जर्मन प्रवासी कार्ल गेओर्ग शिलिंग्ज याने पूर्व आफ्रिकेत रात्री सिंहांची जी छायाचित्रे घेतली, ती १९०५ साली ग्रंथरूपाने आली तेव्हा युरोपात मोठे कौतुक झाले. त्या ग्रंथाच्या नावातच झगझगाटाच्या जोडीला रायफल बसली होती, आणि सिंह कॅमेऱ्यासमोर यावेत म्हणून जिवंत गाढवे व बैल बांधून ठेवलेले होते. त्याच काळात इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन हे बंधू अगदी निराळ्या वाटेने चालले होते. त्यांनी १८९२ साली एका पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवरील सचित्र पुस्तक काढले. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी पोकळ बैल तयार केला होता व त्याच्या पोटात दडून ते छायाचित्रे घेत. शिलिंग्जने बैल प्राण्यापुढे बांधला. कीर्टन बंधू स्वतःच बैल झाले! कॅमेरा दोघांकडेही होता, पण वृत्तीत केवढे अंतर पडले!

हिंदुस्थानात हे वळण ज्याच्यामुळे आले तो फ्रेडरिक चँपियन हा वनखात्यातील अधिकारी होता. संयुक्त प्रांतातील शिवालिकच्या रानात त्याची नेमणूक होती. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर तो बारीक तार ताणून ठेवी; वाघाचा पाय तारेस लागला की झगझगाट होऊन वाघ स्वतःच आपले छायाचित्र काढून घेई. तेथे छायाचित्रकाराच्या उपस्थितीची गरज नव्हती; गरज होती ती वाघ कोणत्या वाटेने व केव्हा जातो, हे जाणण्याची. १९२७ साली त्याचे व्याघ्रभूमीतील छायाचित्रणाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. जिम कॉर्बेट यांच्यासारख्या निष्णात शिकाऱ्यानेही १९४४ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात, शिकारीचे कातडे एकट्या शिकाऱ्याचे व छायाचित्र मात्र सर्वांचे, अशा आशयाचा अभिप्राय दिला आहे.

चँपियनच्या चित्रांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. एका वाघाच्या अंगावरील पट्टे दुसऱ्या वाघाशी जुळत नाहीत. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणेच ते ज्याचे त्याचे असतात. या निरीक्षणाचे मोल कळावयास पुष्कळ वर्षे जावी लागली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पण वाघांची मोजदाद पायांच्या ठशांवरूनच होत राहिली. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात कागदोपत्री वाघ नांदत असताना रानात एकही उरलेला नाही, हे २००५ साली उघडकीस आले, तेव्हा या पद्धतीवरील विश्वास उडाला. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघ मोजण्याची जी रीत १९९० नंतरच्या वर्षांत वापरली, तिचा आधार पुढे देशभर घेतला गेला. २०१८ सालच्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांत सुमारे ३ कोटी ४८ लक्ष छायाचित्रे उमटली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१. चँपियनची ताणलेली तार हीच या सर्व खटाटोपाची पूर्वज होय. छायाचित्र येथे भिंतीवरची शोभा राहिले नाही. ते साक्षीदार झाले.

असे असता आजचा हौशी मनुष्य मात्र पुष्कळदा शिलिंग्जच्याच वाटेने जाताना दिसतो. २०२४ सालाच्या अखेरीस विदर्भातील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची व तिच्या पिल्लांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडविली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. गाड्यांतील मंडळींजवळ बंदुका नव्हत्या, हे खरे. परंतु हाकारे घालून जनावर कोंडीत धरण्याची रीत आणि ही रीत यांत अंतर किती? भिंतीवर मुंडके टांगण्याऐवजी चित्र टांगले, एवढ्याने शिकारीचा हव्यास सुटत नाही.

हा हव्यास सोडविण्याचा उपाय आम्हांस वाघाहून फार लहान प्राण्यांत दिसतो. फ्रान्समधील आँरी फाब्र हा कीटकांचा थोर अभ्यासक सेरिन्यां गावाजवळील दगडाळ, पडीक जमिनीच्या तुकड्यावर १८७९ पासून अखेरपर्यंत राहिला. त्याच्या ग्रंथाच्या सचित्र आवृत्तीसाठी छायाचित्रे काढली ती त्याच्याच मुलाने, पॉलने. दूरच्या अरण्याची या पितापुत्रांस गरज पडली नाही. कीटकाचे चित्र घेणे वाघाच्या चित्राहून सोपे आहे असे मात्र कोणी समजू नये. भिंग इतके जवळ न्यावे लागते की स्पष्ट दिसणारा भाग केसाएवढा उरतो. डोळा साधला तर पंख पुसट होतो. वाऱ्याची झुळूक आली की पान हलते. पहाटेच्या गारव्यात चतुर वा फुलपाखरू सुस्त बसलेले असते, तेव्हाच ते सापडावयाचे. ऊन चढल्यावर नव्हे. म्हणजे त्याच्या दिनक्रमाशी आपणांस जुळवून घ्यावे लागते. येथे पैसा उपयोगी पडत नाही, चालकास घाई करूनही काही साधत नाही. सफारीच्या गाडीत बसून वाघाची वाट पाहणाऱ्या मुलास विश्रामगृहाच्या कुंपणावरील नाकतोडा दाखविला, तर खरी वनविद्या तेथेच सुरू होते.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. कॅमेरा घेऊन रानात अवश्य जावे. पण घरी आल्यावर प्रत्येक चित्राखाली दिवस, वेळ, ठिकाण आणि कीटक असेल तर तो कोणत्या झाडावर होता, हे लिहून ठेवावे. एवढ्या चार ओळींनी हौसेचे चित्र पुराव्याचे होते आणि पन्नास वर्षांनी त्या रानाचे काय झाले, हे शोधणाऱ्यास उपयोगी पडते. बंदुकीचा शब्द कॅमेऱ्याच्या हाती आला. शिकाऱ्याची वृत्ती मागे ठेवावयाची की नाही, हे मात्र कॅमेरा ठरवीत नाही. ते ज्याने त्याने, चाप दाबण्यापूर्वी ठरवावयाचे आहे.