कंदवर्गीय फुलझाडे, किनारी

जमिनीखालील कंदात अन्न व पाणी साठवून प्रतिकूल काळ निभावणारी आणि अनुकूल ऋतू येताच त्या साठ्यावर फुलणारी बहुवर्षायू झाडे. आखूड, चपट्या खोडाभोवती मांसल पर्णतळांचे एकावर एक थर असलेल्या भूमिगत अवयवास कंद म्हणतात.

ट्यूलिप, डॅफोडिल इ. शीत प्रदेशीय कंदांना फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेले नीचांकी तापमानही ७.४° से. असल्याने ते येथे टिकत नाहीत. मनोरीसारख्या खाडी-समुद्रालगतच्या गावी कंदाच्या काटकपणाची खरी कसोटी खारा वारा आणि पावसाळ्यात साचणारे पाणी यांत लागते.

या कसोटीस नागदवणा (क्रायनम एशियाटिकम) सर्वांत चांगला उतरतो. तो मुळातच वालुकामय किनाऱ्यांवरील असून त्याची मोठी, बुचासारखी हलकी बीजे समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर जाऊन रुजतात. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील स्पायडर लिली (हायमेनोकॅलिस लिटोरॅलिस) हीही किनारी वनस्पती होय; तिच्या सहा अरुंद पांढऱ्या पाकळ्यांच्या मध्यभागी पुंकेसरांचे तळ जोडणारा पातळ, पारदर्शक पेला असतो. हारांसाठी तिच्या न उमललेल्या कळ्या खुडून, जुड्या बांधून बाजारात पाठवितात. मेक्सिकोतून आलेल्या निशिगंधास (गुलछडी) मात्र भरपूर ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा हवा असतो.

लागवड पावसाच्या तोंडावर, मूळ कंदाला फुटलेली पिल्ले वेगळी करून करतात. निव्वळ वाळूत पाणी व अन्नद्रव्ये ठरत नाहीत, म्हणून तीत कुजलेले शेणखत मिसळतात आणि सखल जागी गादीवाफे उंच करतात. नागदवणा व स्पायडर लिली यांच्या कंदाची मान मातीच्या पातळीशी ठेवतात. फुले संपल्यावर पाने हिरवी असेतो कापू नयेत, कारण पुढील बहराचे अन्न तीच कंदात साठवितात. तीन-चार वर्षांनी दाटी झाली की फुले घटतात. तेव्हा गड्डे उकरून विरळणी करतात.

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे व तांबूस ठिपके असलेल्या लिली पतंगाच्या अळ्या पानांचा फडशा पाडतात; त्या प्रथम घोळक्याने राहत असल्याने पान खुडून नष्ट करणे सोपे जाते. नागदवणा व स्पायडर लिली यांच्या कंदांत लायकोरीन हे वांतिकारक अल्कलॉइड असल्याने लहान मुले व गुरे यांपासून ते दूर ठेवावेत.