गॉजची घडी, शिंपला आणि चरबीची नळी

कारखान्याने रात्री दोन वाजता नाल्यात रसायन सोडलं आणि तपासनीस सकाळी अकराला बाटली भरायला आला, तर त्याला काय सापडणार? बहुधा काहीच नाही. बाटली एका क्षणाची साक्ष देते, पाणी मात्र दिवसरात्र वाहत असतं. म्हणून पाण्यात काहीतरी ठेवून द्यायचं आणि दूषण त्यात आपोआप साठू द्यायचं, ही युक्ती निघाली. तिला आज पॅसिव्ह सॅम्पलिंग म्हणतात.

तिचा एक पूर्वज जंतूंसाठी होता. इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर यांनी 1948 साली पॅराटायफॉइडचे वाहक शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. गॉजची घडी दोरीला बांधून गटारात सोडायची, काही दिवसांनी काढून तपासायची. जंतू सापडले की प्रवाहाच्या उलट दिशेने एकेक मॅनहोल मागे जायचं. असं करत वाहकाच्या घरापर्यंत पोचता येई.

रसायनांच्या बाबतीत हे काम आधी जिवंत प्राण्याकडे आलं. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचे एडवर्ड गोल्डबर्ग यांनी 1975 मध्ये 'मसल वॉच'ची कल्पना मांडली. मसल हा शिंपला एका जागी चिकटून राहतो, पाणी गाळत राहतो आणि त्यातली कीटकनाशकं, जड धातू अंगात साठवतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर 1986 पासून हा कार्यक्रम नियमित चालू आहे. पण प्राणी तो प्राणीच. फार घाण पाण्यात तो मरतो, आणि दोन शिंपले सारखे नसतात.

मग जेम्स हकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणी वगळून फक्त त्याची चरबी घेतली. मिसूरीतल्या कोलंबिया येथे हे काम झालं आणि 1990 मध्ये प्रसिद्ध झालं. पॉलिथिनची सुमारे 91 सेंटिमीटर लांब, चपटी नळी आणि तिच्यात एक मिलिलिटर ट्रायोलीन, म्हणजे माशांच्या शरीरातही असणारा स्निग्ध पदार्थ. महिनाभर नदीत ठेवली की पाण्यात न रमणारी, तेलकट रसायनं प्लास्टिकमधून झिरपून आत जमतात. धातूंसाठी लँकास्टर विद्यापीठाच्या बिल डेव्हिसन आणि हाओ झांग यांनी 1994 मध्ये जेलचा थर वापरला. थराची जाडी, किती वेळ ठेवला आणि किती धातू जमला, अशा गोष्टींवरून पाण्यातलं प्रमाण काढता येतं.

तरीही बाटली गेलेली नाही, आणि त्याला कारण आहे. नळी महिन्याची सरासरी सांगते. कोणत्या रात्री विष सोडलं ते सांगत नाही. शिवाय ती फक्त पाण्यात विरघळलेला भाग मोजते, गाळाला चिकटलेला नाही. युरोपात सेंद्रिय रसायनांच्या बहुतेक मर्यादा मात्र गाळासकट संपूर्ण पाण्यासाठी ठरवलेल्या आहेत. त्यामुळे नळीचा आकडा थेट कायद्याच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. नदी-तलावांत ही साधनं कशी वापरावीत, याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका 2011 मध्ये आली. पण मर्यादा ओलांडल्याचा पुरावा म्हणून त्यांना मान्यता मिळणं ही निराळी गोष्ट.

आपण राहतो त्या गावच्या नदीचा अहवाल हाती आला, तर 'मर्यादेच्या आत' या शब्दांवर थांबू नये. तो आकडा एका सकाळचा आहे की महिन्याचा, एवढं तरी विचारावं.