रायगडावरचे हत्ती आणि हरिहरच्या पायऱ्या

जून १६७४. राज्याभिषेकासाठी आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याला रायगडावर राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे दिसले. इतक्या बिकट वाटेने ही जनावरे वर आली कशी, याचे नवल त्याने नोंदवून ठेवले आहे. हत्ती पिले असतानाच गडावर नेले, ही लोकप्रिय कथा. ऑक्झिंडेनचा प्रश्न मात्र त्या कथेपेक्षा मोलाचा आहे.

हत्ती, घोडा आणि तोफगाडा यांना सोयीची वाट म्हणजे उतरण. आठास एक असा सौम्य चढ ठेवला, तर १०० मीटर उंची गाठण्यासाठी सुमारे ८०० मीटर वाट बांधावी लागते. ४५ अंशांच्या पायऱ्या तीच उंची सुमारे १४० मीटरांत गाठतात. चित्तोडगडाच्या डोंगरउताराला ती लांबी परवडली. तिथला नागमोडी चढ सात पोळींमधून वर जातो. सह्याद्रीतील काळ्या पाषाणाचे ताशीव कडे इतकी जागाच देत नाहीत.

आणि दुर्गबांधणी करणाऱ्यांना ती नकोही असावी. हरिहरच्या पायऱ्या पाहाव्यात : जवळजवळ उभ्या कड्यात कोरलेल्या, एका वेळी एकच माणूस चढेल इतक्या अरुंद, आधारासाठी खोबण्या असलेल्या. शत्रूचा हत्ती इथे निरुपयोगी. पण गडकऱ्यांचा बैलही तितकाच निरुपयोगी. धान्याचे प्रत्येक पोते आणि दारूचा प्रत्येक बुधला माणसाच्याच डोक्यावरून वर जाणार. या संरक्षणाची किंमत हमालांच्या पाठीने मोजली. बखरींत त्यांची नावे शोधूनही सापडायची नाहीत.

१८१८ च्या मे महिन्यात हा हिशेब बदलला. रायगडावर कोणी पायऱ्या चढून हल्ला केला नाही. इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफांचा मारा केला, राजवाडा जळाला आणि गड शरण आला. त्याच वर्षी हरिहरही इंग्रजांच्या हाती गेला. त्या पायऱ्या पाहून कॅप्टन ब्रिग्जला शिडीच आठवली.

पुढे इंग्रजांनी अनेक दुर्गांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या. लांबरुंद चढाची वाट अशी सहज पुसता येत नाही. कड्यातला जिना मात्र मधल्या दहा-वीस पायऱ्या गेल्या की संपला. अलंग आणि मदनच्या तुटक्या वाटेवर आज दोर लावूनच चढावे लागते.