कपाटाची किल्ली कोणाकडे?

कुंभकोणमहून तंजावरच्या रस्त्याला लागलं की सहा-सात किलोमीटरवर तिरुवलंचुळी येतं. पांढऱ्या विनायकाचं गाव. हा सगळा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा. आजचा आपला विषय आहे शाळेच्या ग्रंथालयात समलिंगी आणि पारलिंगी मुलांना जागा आहे का, आणि तो मला या भोसल्यांच्याच एका पुस्तकापाशी घेऊन जातो.

1806 साली सरफोजी राजांच्या छापखान्यात 'बालबोध मुक्तावली' छापलं गेलं. इसापच्या गोष्टी, मराठीत. मुलाला त्याच्या भाषेत पुस्तक हवं, हे त्या राजाला कळलं होतं. पण त्याच घराण्याचं सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांसाठी खुलं झालं ते थेट 1918 साली! पुस्तक असणं वेगळं, ते हाताला लागणं वेगळं.

आता अलीकडचं. घरच्यांच्या भीतीने पळून आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात 7 जून 2021 रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी निकाल दिला. त्याआधी, हा विषय आपल्यालाच नीट कळत नाही म्हणून, ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले होते. निकालात शाळांसाठीही सूचना आल्या: पालकांशी बोला, दाखल्यावर नाव आणि लिंग बदलू द्या, समुपदेशक नेमा. त्याच वर्षी एनसीईआरटीने पारलिंगी मुलांविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका संकेतस्थळावर ठेवली, आणि तक्रार येताच काही दिवसांत काढूनही घेतली. तामिळनाडू सरकारने मात्र ऑगस्ट 2022 मध्ये अशा मुलामाणसांसाठी सन्मानाचे तमिळ शब्द राजपत्रात छापले. मला हे फार मोलाचं वाटतं. शिवीखेरीज दुसरा शब्दच नसेल, तर त्या मुलाने स्वतःविषयी बोलायचं कशात?

मराठीत पुस्तकं आहेत. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' आहे, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' आहे. पण आपल्या किती तरी शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं काचेचं कपाट. किल्ली सरांकडे. पुस्तक मागायचं सर्वांसमोर, आणि रजिस्टरात नाव लिहून न्यायचं. आधीच घाबरलेलं चौदा वर्षांचं पोर हे पुस्तक मागेल? अहो, ते कपाटाकडे बघणारसुद्धा नाही.

म्हणून मी शिक्षकांना सांगतो, फार खर्च नको. एक फळी उघडी ठेवा, तिथली पुस्तकं नोंद न करता तिथेच बसून वाचू द्या. बाजूला कागद-रंग ठेवा. भित्तिपत्रक आणि हस्तलिखित तर आपल्या शाळांना नवं नाही. त्यात टोपणनावाने लिहायची मुभा द्या. कुसुमाग्रज, गोविंदाग्रज, बालकवी आपण टोपणनावानेच वाचले ना? फक्त एक पाळा. अक्षर ओळखू आलं, तरी कोणी लिहिलं हे वर्गात विचारायचं नाही, आणि घरी तर मुळीच कळवायचं नाही.