टेकडीवरचे हिंदुराव

दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसास हिंदुराव हे नाव बहुधा रुग्णालयाच्या पाटीवरूनच ठाऊक असते. ते गृहस्थ कोण, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. कागलच्या घाटगे घराण्यातील सर्जेरावांचे ते चिरंजीव आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला; त्यानंतर उत्तर दिल्लीच्या टेकडीवरील त्याचे घर हिंदुरावांनी विकत घेतले.

उंचवट्याचे मोल लढवय्यांनी सर्वत्र ओळखले आहे. १०६६ नंतर नॉर्मन सरदारांनी इंग्लंडात मातीचे उंच ढीग रचून त्यांवर लाकडी बुरूज उभारले आणि पायथ्याशी कुंपणाचे आवार राखले. आपल्याकडील बालेकिल्ला व माची यांची आठवण व्हावी, अशीच ती रचना. हिंदुरावांचे घर काही किल्ला म्हणून बांधलेले नव्हते. पण जागेच्या उंचीने त्याला तोच धर्म पाळावयास लावले. १८५७ च्या जूनमध्ये इंग्रज फौज टेकडीवर आली, तेव्हा मेजर रीडच्या सिरमूर पलटणीने येथेच ठाण मांडले. सप्टेंबरपर्यंत तिच्या ४९० माणसांपैकी ३२७ ठार वा जखमी झाली. हिंदुराव त्यापूर्वीच निवर्तले होते. परक्यांच्या लढाईच्या वृत्तांतात मात्र त्यांचे नाव पानोपानी आले.

याच परिसरात फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणलेला अशोकस्तंभ आहे. स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले. ते जोडून १८६७ साली तो पुन्हा उभा केला. तो स्तंभ व जवळची पीर गायब ही इमारत संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन अशा स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली. हिंदुरावांच्या घराच्या वाट्यास निराळे भाग्य आले: तेथे रुग्णालय झाले.

त्यात खेद मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. रोग्यांस उपयोगी पडणे हा वास्तूचा हीन उपयोग नव्हे. इंग्लंडात लाकडी बुरूज कुजून गेले, तरी मातीचे ढीग कायद्याने जपले जातात. येथे जपावयाचे उरले आहे ते एक नाव, आणि नावास संरक्षण देणारा कायदा नाही. अशोकस्तंभ पाहावयास मुलांना नेणाऱ्या मराठी कुटुंबांनी शेजारच्या पाटीपाशीही थांबावे, आणि हे नाव कागलहून ग्वाल्हेरमार्गे दिल्लीस कसे आले, ते त्यांना सांगावे.